आजोबांचं वेब्ली रिव्हॉल्व्हर माझ्या परवान्यावर आलं, आता पुढं काय?

उदगीरचा_नातू
नमस्कार मंडळी. माझे आजोबा औसा तालुक्यातल्या एका गावचे पोलीस पाटील. त्यांचं रिव्हॉल्व्हर त्यांच्यामागं वडिलांच्या नावावर झालं. वडील सत्तरीच्या पुढं गेले तसं म्हणाले, आता हे तू सांभाळ. अर्ज, पोलीस चौकशी, ट्रेनिंगचं सर्टिफिकेट, गृह शाखेचे हेलपाटे असं सगळं होऊन परवाना माझ्या हातात पडला. आयुष्यात पहिलंच हत्यार. त्याआधी जत्रेत फुगे फोडले तेवढंच.

नळीवर वेब्ली अँड स्कॉट, बर्मिंगहॅम आणि .३२ असं कोरलंय. बाजूला पंख असलेल्या गोळीची खूण. मूठ काळ्या कचकड्याची, तिच्यावर बारीक चौकडी, उजवीकडची झिजून पार गुळगुळीत झालेली. सोबत चामड्याचं म्यान आणि पट्ट्यात अडकवलेली काडतुसं, त्यांच्यावर हिरवा चिकट थर. आणि एक उर्दूतली वही, बहुतेक निजामाच्या काळातला परवाना.

हे चालवण्याजोगं आहे का, कसं कळायचं? ती काडतुसं वापरावीत का? घरी साफसफाई कशी करायची? वडील म्हणतात खोबरेल लाव. जाणकारांनी सांगावं.

कडबाकुट्टी
परवाना मिळाला म्हणजे तुम्ही निम्मी लढाई जिंकलात. उरलेली निम्मी ग्रामपंचायत निवडणुकीत हत्यार ठाण्यात जमा करताना.

निवृत्त_फौजदार
नातू, पहिलं काम पहिल्यांदा. हत्यार मोकळं आहे का, हे स्वतः बघितल्याशिवाय दुसरं काहीच करू नका. "आण्णांनी सांगितलं रिकामं आहे" हे मी नोकरीत लई वेळा ऐकलं, आणि त्यानंतरचे पंचनामेही लिहिलेत.

वेब्ली मधून मोडतं, म्हणजे बिजागरीवर दुमडून उघडतं. डाव्या अंगाला, घोड्याच्या खाली, अंगठ्यानं दाबायचा खटका असतो. बोट चापाच्या बाहेर ठेवा, नळीचं तोंड जमिनीकडं, आणि खटका दाबा. नळी आणि चक्र पुढं झुकतं, मधला तारा वर येतो आणि सगळ्या पुंगळ्या एका झटक्यात बाहेर टाकून परत खाली बसतो. याच सोयीमुळं घोड्यावर बसणाऱ्या साहेब लोकांना ते आवडायचं. पण एक मेख आहे. हळू उघडलं की एखाद्या काडतुसाच्या बुडाची कड ताऱ्याखाली सरकते आणि ते आतच राहतं. म्हणून चक्रातली सहाही घरं, म्हणजे काडतूस बसायच्या जागा, डोळ्यानं बघा, मग बोटाचं टोक घालून चाचपा. बंद करून परत कपाटात ठेवलं आणि उद्या काढलं तरी परत तेच. रोज.

उदगीरचा_नातू
फौजदार साहेब, बघितलं. सहाही घरं रिकामी. चक्र बंद केल्यावर बोटानं हलवलं तर किंचित हलतं. हे ठीक आहे का?

निवृत्त_फौजदार
किंचित हलणं जुन्याला चालतं, पण "किंचित" किती ते माझ्या मोबाईलवरून कळणार नाही. शस्त्र दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराला दाखवा. तो घोडा चढवून, चाप ओढून धरून, चक्र प्रत्येक घराला नळीच्या नेमकं समोर येतं का ते बघतो. ते बरोबर आलं नाही तर गोळी नळीच्या काठाला घासते, आणि शिश्याचे कण बाजूला उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडावर. वेब्लीत आणखी एक जागा बघायची, ती पुढची बिजागरी आणि वरचा खटका. तिथं खुळखुळा झाला असेल तर ते शोभेला ठेवा.

आणि हो, गावातल्या लोहाराकडं नेऊ नका. तो चांगला माणूस असला तरी नेऊ नका. त्याच्याकडं परवाना नाही, म्हणजे तुमच्यावर आणि त्याच्यावर दोघांवर केस.

लातूरकर_वकील
उदगीरकर, तुमचं नशीब की .३२ आहे. .३८० किंवा .४५५ असतं तर तो प्रतिबंधित बोअर (बोअर म्हणजे नळीचं माप) झाला असता, आणि त्याचा परवाना जिल्हाधिकारी देत नाहीत, केंद्रीय गृह मंत्रालयाकडं जावं लागतं. लष्करातून निघालेली बरीच वेब्ली .४५५ ची आहेत, एन्फिल्डची .३८० ची. दिसायला भावंडं, पण कायद्याच्या भाषेत एक घरातलं आणि एक तुरुंगातलं.

म्हणून घरी गेल्यावर एकदा परवान्यावरचा बोअर, मेक आणि नंबर हे तिन्ही हत्याराशी ताडून बघा. पूर्वी कारकुनांनी ".३२" च्या जागी "३२ बोअर" किंवा नुसतं "रिव्हॉल्व्हर विलायती" लिहिलेलं असतं. तफावत दिसली तर स्वतः अर्ज देऊन दुरुस्त करून घ्या. नूतनीकरणाच्या वेळी निघाली की मग त्रास. २०१९ च्या दुरुस्तीनं परवाना तीनऐवजी पाच वर्षांचा झाला, त्यामुळं पुढचं नूतनीकरण लांब आहे असं समजून लोक हे काम लांबवतात.

वडील सत्तरीनंतर हयातीतच वारसाला देऊ शकले, हे २०१६ च्या शस्त्र नियमांमुळं. वयाची ७० वर्षं किंवा परवान्याची २५ वर्षं, जे आधी होईल ते. लोकांना वाटतं माणूस गेल्यावरच नावावर होतं.

माजलगावचा_बाळू
एवढं जुनं हत्यार अँटिक होतं ना? मग परवानाच कशाला? आमच्या पाहुण्यांकडं भिंतीला ठासणीची बंदूक टांगलीय, कुणी काही म्हणत नाही.

लातूरकर_वकील
बाळूभाऊ, पाहुण्यांना म्हणावं उतरवा. शस्त्र अधिनियम १९५९, कलम ४५. सूट कशाला आहे, तर जे जुन्या धाटणीचं किंवा पुराणवस्तूच्या मोलाचं किंवा मोडकं आहे आणि दुरुस्ती करूनही चालणार नाही त्याला. "दुरुस्ती करूनही" या दोन शब्दांत सगळं आहे. नातूंचं वेब्ली सहा घरं फिरवतंय, त्यात काडतूस बसतंय, मग वय किती का असेना. ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो.

गोदाकाठची
कुणी विचारत नाही म्हणून मी विचारते. घरात लेकरं आहेत का हो दादा? आमच्या शेजारच्या गल्लीत लग्नात बार काढला होता, त्या गोळीनं वरच्या मजल्याची काच फुटली. कुणाला लागली नाही हे नशीब. आजोबांची आठवण म्हणून फोटो ठेवा की. हत्यार कशाला?

उदगीरचा_नातू
ताई, एक लेक आहे, सहावीत. म्हणूनच विचारायलोय. मला ते कमरेला लावून मिरवायचं नाही. पण आजोबांच्या हातातली वस्तू सरकारजमा करावी, असंही वाटत नाही.

कडबाकुट्टी
गोदाताई, लग्नात बार काढणाऱ्यांना आता २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. वरातीच्या बजेटात तेही धरायला पाहिजे.

परभणीचा_नेमबाज
ताईंचा मुद्दा बरोबर आहे, म्हणून नातूंना सांगतो. लोखंडी कपाट, त्याला वेगळं कुलूप, किल्ली स्वतःच्या खिशात. काडतुसं दुसऱ्या कुलपात, दुसऱ्या खोलीत. उशाखाली ठेवायची पद्धत जुन्या लोकांची होती, ती त्यांच्याबरोबर जाऊ द्या. लेकीला घाबरवू नका, पण एकदा तुमच्या हातात उघडलेलं, रिकामं दाखवा. कुतूहल संपलं की निम्मा धोका संपतो.

आता काडतुसांकडं येतो. तुमच्या धाग्यातला खरा प्रश्न हाच आहे. "पॉइंट थर्टी टू" या एका नावाखाली कमीत कमी तीन काडतुसं फिरतात. .३२ स्मिथ अँड वेसन, १८७८ चं, आखूड. .३२ स्मिथ अँड वेसन लाँग, १८९६ चं, त्याच जाडीचं पण लांब. आणि .३२ एसीपी, म्हणजे ७.६५ ब्राउनिंग, १८९९ चं, ते पिस्तुलाचं. आखूड लाँगच्या घरात बसतं आणि उडतंही. लाँग आखूडच्या घरात पुरतं जात नाही. एसीपी मात्र कधी कधी लाँगच्या घरात बसल्यासारखं दिसतं, आणि तीच फसगत. त्याची कड फार बारीक असते, दाब जास्त असतो, जुन्या रिव्हॉल्व्हरला तो झेपेलच असं नाही.

म्यानाच्या पट्ट्यातली काडतुसं एकेक काढून शेजारी शेजारी उभी करा. कड सगळ्यांची सारखी बाहेर आलीय का बघा. बुडावर "केएफ" दिसलं तर ती आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची. पण हिरवा थर असलेलं काहीही उडवू नका. चामड्याच्या कमावणीतलं आम्ल आणि हवेतला ओलावा पितळ खातात. वरून पुसलं तरी आतून पितळ ठिसूळ झालेलं असतं.

हिंगोलीचा_हरी
खोबरेल अजिबात नको. थंडीत गोठतं, उन्हाळ्यात चिकटतं, वर्षभरानं त्याचा राळेसारखा थर बसतो. आमच्या मामांच्या बारा बोअरला वर्षानुवर्षं खोबरेल लावलं होतं, खटका उघडायला दोन माणसं लागायची. शिलाई मशीनचं पातळ तेल चालतं, गन ऑइल मिळालं तर उत्तम. फडक्यावर चार थेंब, बास. तेलात बुडवायचं नाही. आणि म्यानात ठेवून कपाटात टाकायचं नाही. म्यान वेगळं, हत्यार वेगळं.

आणखी एक. काळसर निळी झिलई आहे ना? तिला ब्रासो लावू नका. पॉलिश पेपर तर नकोच नको. मामांनी हौसेनं निकेल करून आणलं, आता ते वरातीतल्या बँडच्या सनईसारखं चमकतं आणि नळीवरची सगळी अक्षरं गेली.

परभणीचा_नेमबाज
अक्षरं गेली म्हणजे ओळख गेली, हरीभाऊ. नातू, नळीवर आणि चक्राच्या प्रत्येक घरावर बारीक मुकुट असेल, त्याखाली अक्षरं. ती बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसची खूण. १८१३ पासून तिथं प्रत्येक हत्यार जास्त दाबाचा बार काढून तपासतात. खूण नायट्रोची असेल तर ते धूर नसलेल्या दारूसाठी पास झालंय. काळ्या दारूची असेल तर आजची काडतुसं त्यात घालूच नका. आणि "नॉट इंग्लिश मेक" असं कुठं दिसलं तर ते बेल्जियम-स्पेनकडचं, १९२५ ते १९५५ च्या दरम्यान इंग्लंडात प्रूफ झालेलं. वेब्लीची हुबेहूब नक्कल करणारे कारखाने स्पेनमध्ये होते. त्यातल्या काहींचा माल पहिल्या महायुद्धात खुद्द इंग्रजांनीच विकत घेतला.

खुलताबादी
उर्दू वहीचा फोटो टाका जनाब, वाचून देतो. नंबर आणि नाव झाकून.

उदगीरचा_नातू
हे घ्या. पान दुसरं. शिक्क्याखाली १३५२ दिसतंय. आजोबांचा जन्म एवढा जुना नाही हो.

खुलताबादी
फसली साल आहे, निजामाच्या राज्यातलं महसुली. ५९० मिळवा. १३५२ फसली म्हणजे इसवी १९४२-४३. मजकूर असा: गावाची देखरेख आणि शिकारीच्या जनावरांपासून हिफाजत, म्हणून एक रिव्हॉल्व्हर, विलायती, काडतुसं "मंजूर मर्यादेत". खाली तालुक्याच्या अधिकाऱ्याची सही. पान फाटलंय तिथं बोअर आहे बहुधा, तेवढं वाचता येत नाही. ही वही प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका, घाम सुटून कागद चिकटतो. साध्या कागदात गुंडाळा.

तेरणाकाठ
१९४२-४३ चा परवाना म्हणजे रझाकारांच्या धुमाकुळाच्या आधीचा. आमचे आजोबा सांगायचे की पोलीस ॲक्शनच्या वेळी, १३ ते १७ सप्टेंबर १९४८ ला, गावोगावची हत्यारं कुणी विहिरीत टाकली, कुणी कडब्याच्या गंजीत लपवली. नंतर सरकारनं जमा करून घेतली. तुमचं त्यातून वाचलं हे नवलच. आजोबांनी ते कधी वापरलं होतं का?

उदगीरचा_नातू
वडिलांच्या आठवणीत एकदा. रात्री मळ्यात रानडुकरं शिरली तेव्हा वर बार काढला होता. डुकरं पळाली, पण बैलांनीही दावी तोडली. सकाळपर्यंत सगळं गाव बैल शोधत होतं.

कडबाकुट्टी
बैलांचीही पोलीस ॲक्शन.

सोनपेठची_सून
विषयांतर आहे पण राहवत नाही. आपल्या मराठवाड्याचा आणि अशा हत्याराचा जुना संबंध आहे. अनंत कान्हेरे औरंगाबादला शिकायला होते. तिथून नाशिकला जाऊन २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात त्यांनी नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्यावर गोळ्या झाडल्या. त्यांचं रिव्हॉल्व्हरही असंच असेल का?

परभणीचा_नेमबाज
नाही, ते ब्राउनिंग पिस्तूल होतं. मॅगझिनवालं. वर जे .३२ एसीपी म्हणालो ना, ते काडतूस याच ब्राउनिंगच्या पिस्तुलांसाठी निघालं.

माजलगावचा_बाळू
एवढी उठाठेव करण्यापेक्षा नवं घ्यावं. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं .३२ मिळतं, "निर्भीक" तर हलकंही आहे. जुन्यात जीव कशाला घालायचा.

हिंगोलीचा_हरी
कानपूरचं .३२ तरी कुठून आलं बाळूभाऊ? वेब्लीचाच मधून मोडणारा सांगाडा आहे तो. वेब्लीवाले तर २०२० ला उत्तर प्रदेशात संडीला इथं येऊन स्वतःच बनवायला लागले. आणि परवान्यावर आता दोनच हत्यारं, पूर्वी तीन चालायची. नवं घेतलं की आजोबांचं आणि तुमचं, कोटा संपला.

निवृत्त_फौजदार
निवडणुकीचा विषय वर निघाला म्हणून सांगतो. हत्यारं सरसकट जमा करायची नसतात, छाननी समिती बघते कुणाचं घ्यायचं. पण नोटीस आली तर वाद घालत बसू नका, जमा करा आणि पावती घ्या. पावतीवर मेक, बोअर, नंबर आणि "झिलई उत्तम, मूठ उजवीकडं झिजलेली" असं स्वतः सांगून लिहून घ्या. एका ठाण्यात पावसाळाभर वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेली हत्यारं मी पाहिलीत, मालकाला परत देताना नळीत तांबूस बुरशी. शाईचा कागद ओलावा धरतो. देताना तेल लावून, सुती कापडात गुंडाळून द्या.

बीडमध्ये २०२५ ला परवान्यांची फेरतपासणी झाली, तेव्हा बऱ्याच जणांना कळलं की कपाटातलं हत्यार आणि कपाटातला कागद दोन्ही धडधाकट लागतात.

गोदाकाठची
वाचते आहे सगळं. माझं मत बदललं नाही, पण निदान तुम्ही लोक कुलपाबद्दल बोलताय हे बरं. नातूदादा, चालवायचंच कशाला पण? तेवढं सांगा.

उदगीरचा_नातू
ताई, खरं सांगायचं तर वडिलांची इच्छा आहे. त्यांनी स्वतः कधी चालवलं नाही. रेंजवर एकदा तरी त्याचा आवाज ऐकायचाय म्हणतात.

बाकी सगळ्यांना अपडेट. कारागिराकडं जाऊन आलो. बिजागरी घट्ट आहे. चक्र पाच घरांना नेमकं बसतं, सहाव्याला थोडं मागं राहतं. ज्या लहान पंजानं चक्र फिरतं त्याचं टोक झिजलंय म्हणाले, बदलून मिळेल. नळीच्या मागच्या टोकाला पांढरा कागद धरून पुढून बघायला लावलं. खाचा स्वच्छ दिसल्या, तोंडापाशी मात्र बोटभर खड्डे. जुन्या काडतुसांच्या बुडात ठिणगी देणारी टोपी असते, तिच्यातल्या क्षारानं ते पडतात म्हणे. तसलं काडतूस उडवलं की आधी गरम पाण्यानं धुवायचं असतं आणि मग तेल, नुसतं तेल लावलं की क्षार आत तसेच राहतात. मुकुट घरांवर आहेत, नायट्रोच्या खुणेसकट.

काडतुसं नेमबाज भाऊंनी सांगितली तशी उभी केली. त्यातली तीन वेगळीच निघाली, कड जवळजवळ नाहीच. पिस्तुलाची. कुणी, कधी त्या पट्ट्यात घातली देव जाणे.

परभणीचा_नेमबाज
वाटलंच. ती तीन आणि हिरवी झालेली सगळी घरात ठेवू नका. तुमच्या परवान्यावर पिस्तुलाचं काडतूस नाहीच, म्हणजे ती तीन जवळ बाळगणंच गुन्हा. वकील साहेब सांगतील कुठं द्यायची. विहिरीत, नदीत, शेतात पुरणं यातलं काही नको.

लातूरकर_वकील
ठाण्यात लेखी अर्ज. "वडिलोपार्जित म्यानात सापडली, खराब आहेत, जमा करून घ्यावीत." आपण होऊन दिलेल्या अर्जाची पोच घ्या आणि ती पोच परवान्याबरोबर ठेवा. उद्याच जा.

निवृत्त_फौजदार
आणि रेंजवर जाताना पंजा बदलून झाल्यावरच. परवाना असलेल्या रायफल क्लबच्या रेंजवर, तिथल्या प्रशिक्षकाच्या देखत. नव्या पेटीतलं .३२ लाँग, तेही कारागीर हो म्हणाला तर. पहिल्यांदा एकच काडतूस घाला, बाकी घरं रिकामी. पुंगळी बाहेर काढून तिच्या बुडावरचा ठोका बघा. मधोमध असला, टोपी फुगलेली नसली, पितळ फाटलेलं नसलं, तर दुसरं. वडिलांना कानात बोळे घालायला सांगा, आवाज ऐकायचाय तरी. त्यांच्या हातात मात्र हत्यार देऊ नका. परवाना आता तुमच्या नावावर आहे. त्यांना चालवायचंच असेल तर क्लबवाल्यांना आधी विचारा, नियमात बसतं का ते.

उदगीरचा_नातू
अर्ज दिला, पोच मिळाली. पंजा आला की कळवतो. तोवर हा फोटो, नळीवरच्या खुणांचा. खुलताबादी भाई, वहीतला बोअर जुळतो का सांगा.

कडबाकुट्टी
वा! मूठ काय झिजलीय. आजोबांनी डुकरांपेक्षा बैलांनाच जास्त धाक घातलेला दिसतोय.

व्यवस्थापक
उदगीरचा_नातू, फोटोत हत्याराचा पूर्ण नंबर दिसतोय. फोटो काढून टाकलाय. नंबरवर बोट ठेवून परत टाका.